एक रुग्ण, सात पेट-सीटी आणि कुणीच न केलेली बेरीज

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रेडिएशनच्या डोसचे आकडे एका दशांशापर्यंत दिले आहेत. ते ढोबळ अंदाज आहेत, आणि ते तसे का आहेत हे पुढे येईलच.

पार्श्वभूमी

रुग्ण २६ वर्षांची, वजन ५२ किलो. मानेत आणि छातीच्या मध्यभागी गाठी, बारीक ताप, रात्री घाम. बायॉप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, निघाला. हा आजार बऱ्याचदा तरुण वयात होतो आणि त्यातले बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पुढच्या सगळ्या चर्चेत या दोन्ही गोष्टींचं वजन राहिलं. उपचारांनंतर जिला आणखी पन्नास-साठ वर्षं जगायचं आहे, तिच्या रेडिएशनचा हिशोब सत्तरी ओलांडलेल्या रुग्णासारखा करून चालत नाही.

रक्तविकारतज्ज्ञांनी आखलेला कार्यक्रम साधा होता. केमो सुरू होण्याआधी एक पेट-सीटी, दोन सायकलनंतर दुसरा, उपचार संपल्यावर तिसरा. मग दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एक, म्हणजे आणखी चार. एकूण सात.

यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. पेट-सीटी म्हणजे एकाच टेबलावर ओळीने होणारे दोन स्कॅन. पेटसाठी शिरेतून एफडीजी देतात. ही फ्लोरिन-१८ जोडलेली साखर असते आणि तिचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. ती जिथे जास्त खेचली जाते तिथून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण जोडीने बाहेर पडतात. हे किरण शरीरातून येताना काही प्रमाणात शोषले जातात. किती शोषले गेले हे कळल्याशिवाय पेटचा आकडा खरा धरता येत नाही, आणि ती माहिती सीटी देतो. याला अटेन्युएशन करेक्शन म्हणतात. सीटीचं दुसरं काम जागा दाखवण्याचं: चमकणारा ठिपका गाठीतला की आतड्यातला. तिसरं काम स्वतंत्र निदानाचं, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन, श्वास रोखून, बारीक तपशिलासह. पहिल्या कामाला फार थोडे एक्स-रे पुरतात, दुसऱ्याला थोडे जास्त आणि तिसऱ्याला कितीतरी पट जास्त. सीटी मात्र एकच असतो, आणि तो यांतल्या कुठल्या कामासाठी घ्यायचा हे आधी ठरवलं नाही तर तो आपोआप तिसऱ्याच कामाचा होऊन बसतो.

इथेही तसंच झालं.

पहिला स्कॅन

पहिल्या पेट-सीटीसाठी ३७० मेगाबेक्वेरेल एफडीजी दिलं, म्हणजे १० मिलिक्युरी. दोन्ही किरणोत्साराची मापं. विभागात प्रत्येक प्रौढ रुग्णाला हीच मात्रा दिली जायची, मग वजन ५२ किलो असो वा ९२. शरीराला मिळालेला डोस मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. प्रौढासाठी आयसीआरपीचा, म्हणजे किरणोत्सार संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा, गुणक प्रति मेगाबेक्वेरेल ०.०१९ मिलीसिव्हर्ट आहे, त्यामुळे पेटचा हिस्सा ७ मिलीसिव्हर्ट झाला. सीटी कवटीच्या तळापासून मांड्यांच्या मध्यापर्यंत, कॉन्ट्रास्टसह, पूर्ण निदानाच्या दर्जाचा. त्याचा डीएलपी, म्हणजे स्कॅनची लांबी धरून यंत्राने दाखवलेला एक्स-रेचा आकडा, ११५० मिलिग्रे-सेंटिमीटर. धडासाठी वापरतात तो ०.०१५ चा गुणक लावला की सुमारे १७.३ मिलीसिव्हर्ट. दोन्ही मिळून २४.३.

इंजेक्शनच्या खोलीत रुग्णाने टेक्नॉलॉजिस्टला विचारलं होतं, "मॅडम, चार दिवसांपूर्वीच माझा छातीचा आणि पोटाचा सीटी झालाय. आज परत सीटी का?"

"ताई, तो वेगळा. हा पेट आहे," असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. पण आधीचा सीटी खरोखर झाला होता, कॉन्ट्रास्टसह झाला होता, आणि त्याचा डीएलपी ८२० होता. म्हणजे आणखी १२.३ मिलीसिव्हर्ट. तो रेडिओलॉजी विभागात झाला, त्याची चित्रं वेगळ्या प्रणालीत साठवली होती, आणि पेट-सीटीच्या मागणीपत्रावर आधीच्या तपासण्यांसाठी रकानाच नव्हता. दोन्ही स्कॅनबद्दल एकत्र माहिती असलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे रुग्ण.

प्रश्न कसा समोर आला

विभागातला मेडिकल फिजिसिस्ट दर महिन्याला सीटीच्या डोसची यादी काढतो. हे लिखाण त्याच्याच बाजूने केलेलं आहे. ५२ किलोच्या व्यक्तीचा ११५० डीएलपी यादीत उठून दिसला, कारण तिच्यापेक्षा बऱ्याच जाड रुग्णांचे आकडेही त्याच्या आसपास होते.

विभागातली पहिली प्रतिक्रिया "हा आकडा रेफरन्स लेव्हलच्या वर आहे का?" अशी होती. प्रश्न स्वाभाविक असला तरी एका रुग्णासाठी तो चुकीचा आहे. डायग्नोस्टिक रेफरन्स लेव्हल ही अनेक रुग्णांच्या नेहमीच्या डोसवरून काढलेली पातळी असते. आपल्या विभागाचा मध्यक तिच्याशी ताडून पाहायचा असतो. एखाद्या रुग्णाचा आकडा तिच्या वर गेला म्हणून नियम मोडला असं होत नाही, आणि खाली राहिला म्हणून सगळं ठीक असंही नाही. आयसीआरपीच्या २०१७ च्या प्रकाशन १३५ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. पेट-सीटीसारख्या जोड यंत्रांत औषधाच्या मात्रेची आणि सीटीची पातळी स्वतंत्र ठेवायची, हेही त्यातच आहे. रुग्णाच्या डोसला कायद्याने घातलेली कमाल मर्यादा नसते. मर्यादा कर्मचारी आणि सर्वसामान्य लोकांसाठी असतात. रुग्णाच्या बाबतीत दोनच प्रश्न उरतात: हा स्कॅन हवा का, आणि हवा असेल तर इतक्या डोसने हवा का.

सीटी इतका का चढला याची तीन कारणं हाती लागली. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजता आला नाही.

पहिलं कारण प्रोटोकॉलचं. "होल बॉडी" नावाने जतन केलेली सेटिंग रेडिओलॉजीच्या छाती-पोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीवरून जशीच्या तशी उचललेली होती. चित्रात किती खरखर चालेल याची पातळी तिथे यकृतातल्या बारीक गाठी शोधण्याच्या हिशोबाने लावली होती.

दुसरं कारण हात. आदल्याच दिवशी केमोसाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची त्वचेखालची डबी, बसवल्यामुळे रुग्णाला हात डोक्यावर नेता येत नव्हते. हात बाजूला ठेवले की एक्स-रेंच्या वाटेत दोन्ही बाजूंनी हाडं येतात आणि ट्यूबचा करंट, म्हणजे एक्स-रेचं प्रमाण, आपोआप ठरवणारी यंत्रणा तो वाढवते.

तिसरं कारण टेबलाची उंची, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्काउट, म्हणजे स्कॅनआधीचं आखणीचं सपाट चित्र, घेताना इथे एक्स-रे ट्यूब टेबलाखाली असते. रुग्ण केंद्रापेक्षा खाली झोपली असेल तर ती ट्यूबच्या जवळ जाते आणि स्काउटमध्ये आहे त्याहून रुंद दिसते. करंट याच चित्रावरून ठरतो. म्हणजे ५२ किलोच्या रुग्णाला यंत्राने तिच्याहून जाड समजून एक्स-रे दिले.

एफडीजीच्या मात्रेचं उत्तर मात्र निव्वळ सवयीत होतं. ३७० हा आकडा जुन्या यंत्राच्या काळात पडला आणि नवीन, कितीतरी जास्त संवेदनशील, टाइम-ऑफ-फ्लाइट (किरणांच्या पोचण्याच्या वेळेतला फरक मोजणारं) यंत्र आल्यावरही कुणी हलवला नाही. दहा मिलिक्युरी ऐकायला गोल आकडा आहे. माझ्या मते तो इतका टिकला याचं तेच मुख्य कारण.

सातही स्कॅन याच पद्धतीने झाले असते तर १७० मिलीसिव्हर्ट, आणि आधीचा सीटी धरून १८२. ही बेरीज तोवर कुणी केली नव्हती. न्यूक्लिअर मेडिसिनवाले मेगाबेक्वेरेल पाहत होते, सीटीचा डीएलपी सीटीच्या फोल्डरमध्ये जात होता, आणि पुढचे स्कॅन रक्तविकारतज्ज्ञांच्या फाइलमध्ये लिहिलेले होते.

आकड्यांचं वजन किती धरायचं

इथे घाईने घाबरण्याची गरज नव्हती आणि दुर्लक्ष करूनही चालणार नव्हतं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या २००६ च्या बेअर-७ अहवालाचा ढोबळ अंदाज असा आहे की १०० मिलीसिव्हर्ट मिळालेल्या १०० लोकांपैकी सुमारे एकाला आयुष्यात त्यामुळे कर्करोग होऊ शकतो, तर त्याच १०० जणांपैकी ४२ जणांना इतर कारणांनी तो होणारच असतो. तरुण स्त्रियांमध्ये हा धोका सरासरीपेक्षा जास्त धरला जातो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर निसर्गातून जगात सरासरी वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एका पेट-सीटीत दहा वर्षांचा साठा.

शिवाय परिणामी डोस, म्हणजे इथे मिलीसिव्हर्टमध्ये दिलेला आकडा, एका ठरावीक संदर्भ शरीरासाठी काढलेला असतो. तो या रुग्णाच्या शरीराचं मोजमाप नाही आणि त्यावरून तिचा वैयक्तिक धोका काढू नये. दोन पद्धतींची तुलना करायला तो पुरतो, आणि इथे तेवढंच काम होतं.

पर्याय

बैठकीला रक्तविकारतज्ज्ञ, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, वरिष्ठ टेक्नॉलॉजिस्ट आणि फिजिसिस्ट होते.

पहिला पर्याय होता आहे तसंच चालू ठेवायचं. यामागचं म्हणणं हलकं नव्हतं. आजार जीवघेणा आहे, केमोचे स्वतःचे दूरगामी धोके आहेत, आणि त्यांच्यासमोर हे मिलीसिव्हर्ट किरकोळ ठरतात. रक्तविकारतज्ज्ञांनी त्यात भर घातली: "दुसऱ्या स्कॅनवर मी औषधं वाढवायची की कमी करायची हे ठरवणार. तो पहिल्याशी जुळणारा हवा. तुम्ही सेटिंग बदललीत तर मी तुलना कशाशी करू?"

हा आक्षेप नीट पाहण्यासारखा होता. लिम्फोमातला प्रतिसाद डोव्हिल मापनीवर मोजतात. एक ते पाच गुण असतात, जितका कमी तितका प्रतिसाद चांगला, आणि गाठीतलं एफडीजी त्याच स्कॅनमधल्या छातीच्या मध्यभागातल्या रक्ताशी आणि यकृताशी ताडतात. म्हणजे तुलनेचा मुख्य आधार त्याच दिवसाच्या चित्रात असतो. दोन स्कॅन जुळायला हवेत ते इंजेक्शन आणि स्कॅन यांमधल्या वेळेत, चित्र घडवण्याच्या गणितात, उपाशी राहण्यात आणि रक्तातल्या साखरेत. सीटीचा दर्जा त्या यादीत खूप खाली येतो. अटेन्युएशन करेक्शन बिघडत नाही एवढं दाखवता आलं की पुरे.

दुसरा पर्याय एफडीजी कमी करण्याचा. युरोपियन न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या, म्हणजे ईएएनएमच्या, २०१५ च्या मार्गदर्शनात किमान मात्रेचं सूत्र आहे. पेट शरीराचे टप्पे पाडून घेतात. शेजारच्या दोन टप्प्यांची चित्रं एकमेकांवर ३० टक्क्यांहून जास्त चढत असतील तर वजन गुणिले ७, भागिले प्रत्येक टप्प्याची मिनिटं. विभागातल्या यंत्राची मांडणी अशीच होती आणि टप्पा अडीच मिनिटांचा. उत्तर आलं १४६ मेगाबेक्वेरेल. हा तळ आहे, लक्ष्य नव्हे. म्हणून चर्चा प्रति किलो ३.५, म्हणजे १८२ मेगाबेक्वेरेलवर आली. हा निम्म्याहून किंचित कमी.

तिसरा पर्याय सीटी उतरवण्याचा: कॉन्ट्रास्ट नाही, करंट कमी, काम फक्त करेक्शनचं आणि जागा दाखवण्याचं. रेडिओलॉजिस्टांची काळजी वेगळीच होती. रुग्णाच्या केमोत ब्लिओमायसिन होतं आणि त्याचा दुष्परिणाम फुप्फुसांवर दिसतो. कमी डोसच्या, उथळ श्वास चालू असताना घेतलेल्या सीटीत सुरुवातीची बारीक धूसरता सुटू शकते. हा मुद्दा शेवटपर्यंत मेजावर राहिला आणि तिसऱ्या स्कॅनचा आराखडा त्याच्यावरच ठरला.

पेट-एमआरचाही, म्हणजे सीटीऐवजी एमआरआय जोडलेल्या पेटचा, उल्लेख झाला. त्यात सीटीचा डोस राहत नाही. पण फुप्फुसांच्या बाबतीत एमआर कमजोर पडतो, आणि पहिला स्कॅन पेट-सीटी असताना मध्येच यंत्र बदलणं कुणालाच पटलं नाही.

शेवटचा पर्याय सर्वांत साधा होता, म्हणून तो सर्वांत उशिरा मांडला गेला: सातांपैकी किती स्कॅन खरंच हवेत?

पहिला निर्णय: एका वेळी एकच मोठा बदल

दुसऱ्या स्कॅनला थोडाच वेळ उरला होता. फिजिसिस्टचं म्हणणं सीटी आणि एफडीजी दोन्ही लगेच उतरवावेत असं होतं. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी एफडीजीला नकार दिला. सीटीचा परिणाम फँटमवर, म्हणजे रुग्णाऐवजी वापरायच्या चाचणीच्या पुतळ्यावर, तपासता येतो, पण मात्रा निम्मी केल्यावर लहान गाठ वाचता येते का हे खऱ्या रुग्णांच्या चित्रांवरच कळेल, आणि ज्या स्कॅनवर औषधं ठरणार त्या स्कॅनवर हे पाहायचं नाही, असं त्यांचं मत पडलं. तडजोड झाली ती अशी: सीटी पूर्ण उतरवायचा, एफडीजी प्रति किलो ५ वर, म्हणजे २६० मेगाबेक्वेरेलवर आणायचं. मागे वळून पाहताही मला त्यांचा नकार बरोबर वाटतो.

सीटीसाठी शरीराच्या आकाराचा पाण्याचा फँटम वापरला. त्यात १० ते ३७ मिलीमीटर व्यासाचे सहा गोल असतात. एफडीजी भरून एकच पेट घेतला आणि सीटी वेगवेगळ्या करंटवर. प्रत्येक सीटीने पेट दुरुस्त करून गोलांमधले आणि आजूबाजूचे आकडे ताडले. फरक यंत्रात एरवीही होतो तेवढाच होता. ट्यूबचा व्होल्टेज १२० वरून १०० किलोव्होल्टवर नेण्याआधी आणखी एक खात्री करावी लागली. सीटीची घनता ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या हिशोबात बदलणारं कोष्टक प्रत्येक व्होल्टेजसाठी वेगळं असतं. १०० साठीचं कोष्टक यंत्रात नसेल तर हाडांच्या आसपासचे पेटचे आकडे गुपचूप चुकतात. ते होतं.

दुसऱ्या स्कॅनला पोर्टची जखम भरलेली होती आणि हात वर गेले. टेबलाची उंची बाजूच्या लेझरवरून नीट लावली. सीटीचा डीएलपी २६५ आला. पेटचे ४.९ आणि सीटीचे ४, एकूण ८.९ मिलीसिव्हर्ट. डोव्हिल गुण २. रक्तविकारतज्ज्ञांनी पुढच्या सायकलमधून ब्लिओमायसिन वगळलं आणि चित्राबद्दल काही तक्रार केली नाही.

दुसरा निर्णय: मात्रा निम्मी करायची का

हा प्रश्न नवीन इंजेक्शन न देताच सोडवता आला. यंत्र प्रत्येक गॅमा जोडीची वेळ नोंदवत राहतं, आणि अशी कच्ची नोंद साठवलेली असेल तर नंतर हवा तेवढाच तुकडा घेऊन चित्र बनवता येतं. याच वजनगटातल्या, ३७० मेगाबेक्वेरेल मिळालेल्या रुग्णांच्या नोंदींमधून प्रत्येक टप्प्याची पहिली सव्वा मिनिटंच घेतली. निम्म्या मात्रेचं अडीच मिनिटांचं चित्र साधारण असंच दिसेल, किंबहुना थोडं बरंच. कारण मात्रा कमी असते तेव्हा योगायोगाने जुळणाऱ्या खोट्या जोड्याही त्याहून जास्त प्रमाणात घटतात. दोन डॉक्टरांनी कुठलं चित्र कशाचं हे माहीत नसताना ती वाचली.

डोव्हिल गुण बदलले नाहीत. खरखर वाढली, आणि गाठीतलं कमाल मूल्य काही ठिकाणी थोडं वर सरकलं. खरखरीच्या चित्रात एखादा उंच ठिपका कमाल ठरतो, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. म्हणून कमाल मूल्यावर भर देणाऱ्या अहवालांत चित्र किंचित गुळगुळीत करण्याची सेटिंग ठरवली आणि मगच प्रति किलो ३.५ मंजूर झाले. मात्रा उतरल्याचा जोडफायदा असा की इंजेक्शन देणाऱ्या आणि रुग्णाला टेबलावर झोपवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टचा डोसही त्याच प्रमाणात उतरतो.

मध्येच आलेली अडचण

कमी डोसचा प्रोटोकॉल इतर रुग्णांसाठीही वापरात आला आणि लवकरच बिनसलं. १०८ किलोच्या एका रुग्णाच्या ओटीपोटात सीटीवर पट्टे उमटले, आणि पेटमध्ये त्याच जागी काळपट भाग दिसायला लागले. एक्स-रे पलीकडे पुरेसे पोचलेच नव्हते, त्यामुळे करेक्शन चुकलं. सीटी पुन्हा घ्यावा लागला, म्हणजे डोस वाचवायला काढलेल्या प्रोटोकॉलने त्या रुग्णाला दोन सीटी दिले. कारण शोधल्यावर कळलं की या प्रोटोकॉलमध्ये करंट एकाच आकड्यावर अडकवलेला होता. तो आकडा ५२ किलोला पुरेसा होता आणि १०८ ला अपुरा. त्यानंतर आपोआप करंट ठरवणारी यंत्रणा चालू केली, खरखरीची पातळी सैल ठेवली आणि करंटला खालची मर्यादा घातली. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं. एका सडपातळ रुग्णावरून प्रोटोकॉल बेतला की तो इतरांना बसेलच असं नसतं.

तिसरा निर्णय: टेबलावरच

उपचार संपल्यानंतर सातव्या आठवड्यात तिसरा स्कॅन झाला. केमोमुळे होणारा दाह ओसरावा म्हणून एवढं थांबावं लागतं. छातीत गाठीचा उरलेला भाग असणार हे आधीच्या स्कॅनवरून दिसत होतं, आणि ब्लिओमायसिनची काळजी होतीच. ठरलं असं: पूर्ण शरीराचा सीटी कमी डोसचा घ्यायचा, पेट व्हायच्या वेळी डॉक्टरांनी तिथे हजर राहायचं, आणि चित्र पाहून गरज वाटली तरच फक्त छातीचा, श्वास रोखून, चांगल्या दर्जाचा सीटी घ्यायचा.

डॉक्टर थांबले, आणि त्यांनी छातीचा सीटी घ्यायला सांगितलं. पेटमध्ये उरलेला भाग निष्क्रिय होता, पण उजव्या फुप्फुसाच्या तळाशी किंचित धूसरता वाटत होती. चांगल्या सीटीत ती फुप्फुस नीट न फुगल्यामुळे आलेली निघाली. एफडीजीचे ३.५, कमी डोसच्या सीटीचे ३.८, छातीच्या सीटीचे २.९: एकूण १०.२ मिलीसिव्हर्ट. डॉक्टर जागेवर नसते तर दोनच शक्यता होत्या. एक तर सगळ्यांनाच सरसकट पूर्ण सीटी, नाही तर धूसरतेसाठी काही दिवसांनी वेगळा सीटी. अशी हजेरी प्रत्येक रुग्णासाठी शक्य होत नाही, आणि ती शक्य असल्याचं गृहीत धरून प्रोटोकॉल लिहू नये.

चार स्कॅन रद्द

देखरेखीच्या चार स्कॅनवरची चर्चा सर्वांत छोटी झाली आणि सर्वांत परिणामकारक ठरली. लिम्फोमासाठीच्या २०१४ च्या लुगानो शिफारशी पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या रुग्णांत लक्षणांशिवाय नेमाने पेट काढत राहण्याच्या विरोधात आहेत. अशा स्कॅनमध्ये साध्या दाहालाही आजार समजलं जातं आणि मग नको असलेल्या बायॉप्सी होतात. रक्तविकारतज्ज्ञांना हे माहीत होतं. तरीही स्कॅन लिहिले होते, कारण पहिल्या भेटीत आई-वडिलांनी "परत आला तर लगेच कळेल ना?" असं विचारलं होतं आणि एक वेळापत्रक हातात ठेवणं तेव्हा धीर देणारं वाटलं.

आता त्या चारच्या जागी ठरावीक काळाने तपासणी, रक्ताच्या चाचण्या, आणि लक्षण दिसलं तरच स्कॅन असं ठरलं. रुग्णाला आणि आई-वडिलांना हे समजावताना डोस हे मुख्य कारण म्हणून सांगितलं नाही. "स्कॅनमध्ये दिसण्याआधी बहुतेकदा तुम्हालाच जाणवेल, आणि उगाच दिसलेल्या गोष्टीमागे धावण्याचा त्रास जास्त," असं सांगितलं. वडिलांना ते लगेच पटलं नाही. त्यांनी दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेतलं आणि तिथेही तेच ऐकायला मिळालं.

काही महिन्यांनी सर्दी-तापानंतर मानेत एक गाठ हाताला लागली. आधी सोनोग्राफी केली. गाठीचा आकार आणि रचना साध्या सुजेसारखी होती, म्हणून थांबायचं ठरलं. ती विरघळली.

परिणाम

आधीचा सीटी आणि झालेले तीन पेट-सीटी मिळून एकूण ५५.७ मिलीसिव्हर्ट. मूळ आराखड्याने ते १८२.४ झाले असते. वाचलेल्या १२६.७ पैकी ९७.२ न काढलेल्या चार स्कॅनमधून आले. फँटम, कोष्टकं, कच्च्या नोंदींचं गणित, टेबलाची उंची, या सगळ्या मेहनतीतून २९.५ वाचले. फिजिसिस्ट म्हणून हे लिहिताना मला जरा जड जातं, पण प्रमाण तेच आहे. मेहनत वाया गेली असं मात्र नाही. तो प्रोटोकॉल आता विभागातल्या प्रत्येक रुग्णाला लागतो, आणि रद्द झालेले स्कॅन एकीचेच होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच स्कॅनला कमी डोसचा सीटी पुरला असता, कारण चांगल्या दर्जाचा कॉन्ट्रास्ट सीटी चार दिवसांपूर्वीच झालेला होता. किंवा उलट: तो सीटी थांबवून पेटच्याच भेटीत कॉन्ट्रास्ट सीटी घेता आला असता. दोन्हींपैकी काहीही केलं तरी १२ ते १३ मिलीसिव्हर्ट वाचले असते, आणि त्यासाठी फँटमचीही गरज नव्हती. पोर्ट एक दिवस उशिरा बसवला असता तर हात वर राहिले असते, पण केमो सुरू करण्याची घाई खरी होती आणि त्यासाठी मी कुणाला बोल लावणार नाही.

मागणीपत्रावर आता दोन रकाने आहेत: गेल्या महिन्यातल्या तपासण्या, आणि "सीटी कशासाठी" याचं उत्तर. दुसऱ्याला तीनच पर्याय आहेत: फक्त करेक्शन, जागा दाखवणं, निदान. "होल बॉडी" या नावाचा प्रोटोकॉल यंत्रातून काढून टाकला आणि त्याच्या जागी या तीन नावांचे तीन आले. रुग्णाने नुकत्याच झालेल्या सीटीचा उल्लेख केला तर इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना बोलवायचा अधिकार टेक्नॉलॉजिस्टला दिला आहे. एफडीजी झपाट्याने कमी होत असतं, मागे पुढचे रुग्ण खोळंबलेले असतात. लेखी अधिकार हाती नसेल तर अशा वेळी कुणी थांबत नाही.

सुटलेलं नाही ते हे: बाहेरच्या केंद्रात झालेल्या सीटीचा डीएलपी रुग्णाच्या फाइलमध्ये क्वचितच येतो. फिल्म येते, अहवाल येतो, पण डोसचं पान मागवावं लागतं, आणि ते मागवायचं काम अजून कुणाच्याही नावावर लिहिलेलं नाही. स्पेक्ट-सीटीचे (हाडांच्या स्कॅनसारख्या दुसऱ्या न्यूक्लिअर स्कॅनला जोडलेल्या सीटीचे) प्रोटोकॉलही तपासायचे राहिले आहेत. हाडांच्या स्कॅनमध्ये एका संशयित मणक्यासाठी अख्ख्या धडाचा सीटी घेतला जातो आहे का, हे पुढच्या महिन्याच्या यादीत पाहायचं ठरलं आहे.